रिव्हिजनचा रकाना

वागळे इस्टेटला, रोड नंबर सोळावर
एकतीस वर्षं मी व्हॉल्व्हची चित्रं काढली.
चित्रं म्हणायचं नाही. ड्रॉइंग.
ट्रेसिंगवर रेघ, चुकल्या रेघेवर ब्लेड,
अमोनियाचा वास डब्यातल्या भेंडीलासुद्धा.
उजव्या कोपऱ्यात, खाली, चौकट असे:
हे ड्रॉइंग कंपनीच्या मालकीचे.
परवानगीशिवाय नक्कल करू नये.
आणि त्याखाली, मुंगीला वाचता येईल इतकं,
काढणार: म. टि.
एवढाच मी.

कंपनी गेली. तिथे आता काचेची इमारत,
आत मुलं गळ्यात पट्टे घालून कॉफी पितात.
ड्रॉइंग्ज रद्दीत गेली असतील, किलोवर.
मालकीची चौकट वजनात धरली का,
विचारायचं राहिलं.

गेल्या भाद्रपदात हाताला चाळा म्हणून
एक कंदील आखला.
एकच कागद, बारा पाकळ्या, गोंद नाही.
ठिपक्यांची रेघ: आत दुमडा.
तुटक रेघ: बाहेर.
वरच्या मजल्यावरची अन्विता म्हणाली,
काका, नेटवर टाकूया,
आणि विचारत सुटली, जनगणनेला आल्यासारखी.

कुणी वापरला तर चालेल?
चालेल.
कुणी बदलला तर?
मी चष्मा काढला. पुसला. परत घातला.
माझी रेघ आजवर फक्त साहेबांनी बदलली होती,
लाल पेन्सिलीने, मला न विचारता.
चालेल. पण बदललेलंही मोकळंच ठेवा म्हणावं.
आहे ना तसा पर्याय.
आणि कुणी विकला तर?

इथे मात्र चहा झाला.
विकणारे डोळ्यांसमोर आले, भिवंडीला गोडाऊन असलेले.
मागोमाग जांभळी नाक्यावर फुटपाथला बसणारे.
दोघांना वेगळी चौकट नव्हती.
कर टिक, म्हटलं. नाव तेवढं ठेवा.
नाव काय टाकू?
म. टि., तोंडातून गेलं.
ती म्हणाली, पूर्ण सांगा ना.

वसुबारसेला जांभळी नाक्यावर, फुलवाल्यांच्या पुढे,
दोरीला टांगलेला माझा कंदील.
माझाच. पण सहावी पाकळी ताठ.
ती बल्बच्या उबेने मान टाकायची,
मी कुणाला सांगितलं नव्हतं.
इथे तिला मागून एक पट्टी दिलेली, खाचेत अडकवून,
अंबाड्यात आकडा खोचावा तशी.

हे डिझाइन कुठलं हो?
बाई सावध झाली.
तुम्ही केसवाले का, काका?
मागल्या साली कार्टूनचे कंदील उचलून नेले आमचे.
हा फुकटचा आहे. पोरीने मोबाइलवरनं काढला.
वापरा म्हणून लिवलंय तिथं. नाव पण टाकलंय, बघा.
कंदील उलटा केला. तळाला बॉलपेनने,
वेलांटी चुकलेलं: मनोहर टीपणीस.

मी तो आहे, हे सांगितलं नाही.
का, ते अजून कळलेलं नाही.
ही पट्टी कुणाची?
माझी. कळव्याला आमचा बल्ब जुना, पिवळा, लई तापतो.
एकशे ऐंशी दिले, घासाघीस न करता.
त्यानेच तिचा संशय वाढला.

लावायला आणलाय की उसवायला, घरातून विचारणा झाली.
मी पट्टी मोजत होतो. अकरा मिलिमीटर.
मी साडेबारा धरली असती,
आणि पाकळी फाटली असती.

नवा कागद. कोपऱ्यात चौकट.
रिव्हिजन एक: सहाव्या पाकळीस आधार.
करणार:
इथे पेन अडलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.
आता काय, काका?
नाव सांगा तुमचं.
कशाला?
लिहायला.
तिने शेजारच्या पणतीवाल्याकडे बघितलं,
मग माझ्या हातातल्या पेनाकडे.
शोभा.
पूर्ण सांगा ना, म्हटलं मी.

शोभा अंकुश वाघचौरे.

त्याखाली आठ रकाने कोरे सोडलेत.
कंपनीत कोरा रकाना दिसला
की साहेब आडवी रेघ मारायचे,
पट्टी धरून.