निदान रेषा

दुसऱ्या सत्रात शिकवलं की खेळाडू म्हणजे
घसारा लागणारी मालमत्ता.
बेलापूरला, चौथ्या मजल्यावर. एसी इतका
की ओढणी मी गळ्यात नाही, गुडघ्यावर घेते.
गुडघा डावा. आत दोन स्क्रू.
सूत्र सोपं: मूळ किंमत, उणे उरलेली, भागिले वर्षं.
वहीच्या कडेला स्वतःला भागून पाहिलं.
खोडलं.

वर्गात तेवीस जण. बऱ्याच जणांना क्लब चालवायचेत,
काहींना करार लिहायचेत.
तन्वीरला फक्त गवत आवडतं,
कुठल्या मैदानाला किती पाणी, झोपेतही सांगेल.
मी डावा कोपरा होते. नऊ वर्षं लोकांचे घोटे धरले.
ओळखीच्या तासाला हे सांगितलं तेव्हा सगळे हसले,
मीही.

प्रकल्प असा: आपल्या भागातली स्पर्धा घ्या,
ताळेबंद मांडा, गळती कुठे ते दाखवा.
मी आमच्या तळवलीची घेतली.
माघातल्या तीन रात्री, बत्तीस संघ,
मंडप, जनरेटर, पंचांचं जेवण, चषकांवरची नावं
(दरवर्षी एक तरी चुकतं, त्याचाही खर्च लावला).
अडले एकाच माणसापाशी.

हसूराम मढवी, वय एकाहत्तर.
चारच्या उन्हात घमेलं घेऊन येतो
आणि फक्कीने मैदान आखतो.
टेप नाही, दोरी नाही.
मध्यरेषेपासून टाचेला अंगठा भिडवत तेरा पावलं,
वर एक अंगठाभर.
तिथे निदान रेषा.
सातवीत असताना मागून मी टेप लावला होता:
पावणेचार मीटर. केसाचा फरक नाही.
मोबदला: नारळ एक, विडा एक.

कार्दोझ मॅडमनी पेन्सिल थांबवली.
शून्य नावाचा खर्च नसतो, म्हणाल्या,
कोणीतरी तो भरत असतं. शोध.

मी शोधलं नाही.
मी मॅट मागवली.
देवळाच्या ओट्यावर भिंतीला चादर लावून
अकरा स्लाइड दाखवल्या, समितीला पटल्या.
निळी-पिवळी मॅट, रेषा छापून आलेल्या,
एका बिल्डरचं नाव चारही कोपऱ्यांत.
डाव्या कोपऱ्यातही.

निदान.
डॉक्टरांच्या कागदावर हाच शब्द होता,
खाली लॅटिन नावं आणि एक सही.
मैदानात त्याचा अर्थ साधा:
चढाईला गेलास ना, मग निदान इथवर तरी जा,
नाहीतर दम फुकट, आणि तूही बाद.

त्या दिवशीही तो चारला आला.
घमेलं भरलेलं. मॅट पसरलेली.
कोणी त्याला सांगितलंच नव्हतं.
सांगायचं काम माझं होतं,
माझ्याच तक्त्यात, 'संपर्क' या शब्दापुढे, माझंच नाव.
त्याने घमेलं खाली ठेवलं. चपला काढल्या.
मध्यरेषेवर टाच टेकवली.
पोरं मोबाइल काढून उभी.
तेरा झाली. वाकला, अंगठा ठेवला,
रेषा त्याच्या अलीकडेच राहिली होती.

"आंगठाभर कमी हाय गो पोरी."

टेप माझ्या बॅगेतच होता.
तीन मीटर एकाहत्तर.
पुन्हा लावला. एकाहत्तरच.
बिलावर लिहिलं होतं, अधिकृत मापाची मॅट,
आणि ते बिल मीच मंजूर केलं होतं.

मॅट गुंडाळायला आठ पोरं लागली.
खालची माती दोन दिवस शिंपलेली नव्हती,
पाणी मारता मारता सहा वाजले,
पहिला सामना सव्वा तास उशिरा,
बिल्डरचा माणूस दोनदा फोनवर ओरडला.
हसूराम रेषा ओढत होता. घाई नव्हती त्याला.
वाऱ्याने थोडी फक्की माझ्या सलवारीवर आली,
झटकली नाही.

सोमवारी प्रकल्प द्यायचाय.
गळती अजून दिसते, पन्नास टक्के आगाऊ गेलेत,
मॅडम गुण कापणार.
शेवटच्या पानावर एक ठरलेला नमुना असतो:
मैदानाचे मोजमाप कोणी केले, कशाने केले.
लिहिलंय:
हसूराम पांडुरंग मढवी.
साधन: उजवं पाऊल, अनवाणी.