आडवा दाब, उभा दाब

रात्री दोनला न्ताते रामोखेलेला घोड्यावरून उतरवलं.
खूर बुडेल एवढा बर्फ. भाचा म्हणाला,
तीन दिवस ओकतोय, पोटात काही ठरत नाही.
आणि गोळ्या?
ओकून जातात म्हणून थांबवल्या.

थांबवल्या.
मी ओरडले नाही. शीर मिळेना,
आटलेल्या झऱ्यात हात घालून चाचपावं तसा दंड.
आधी मांडीतच टोचलं हायड्रोकॉर्टिझोन,
मग कुठं सलाईन चालू झालं.
कुपी फोडताना नवी मुलगी, लिमाकात्सो, बोट कापून बसली.

त्याचा तळहात बघ, मी तिला म्हटलं,
रेषांत काजळ भरल्यासारखं. हिरड्याही तशाच.
बायकोला वाटायचं, सतरा वर्षांची खाणीतली धूळ
आता कातडीतून वर येतेय.
फार चुकली नव्हती ती.
खाणीनं छातीत क्षय घातला,
क्षयानं मूत्रपिंडांवरच्या दोन ग्रंथी खाल्ल्या.
बसतात आपल्या गवती टोपीसारख्याच, माथ्यावर.
टोपी गेली की साधा तापही जीव घेतो.

पहाटे डोळे उघडले नि मीठ मागितलं.
आधी मीठ, मग बायको कुठाय.
गुरांचा मिठाचा खडा हा लपून चाटायचा,
भाच्यानं हसत सांगितलं,
आणि मध्येच हसायचा थांबला.

कागद त्याला वाचता येत नाही. म्हणून म्हटलं,
थंडी वाढली की दुसरं ब्लँकेट ओढतोस ना?
ताप आला की दुसरी गोळी.
ओकारी लागली तर वाट बघायची नाही, सुई.
पोरा, तू शीक. मांडीत, पँटवरूनही चालतं.
आणि लगेच इथं आणायचं.
'खिंड बंद असली तर?'

मला उत्तर आलं नाही.
कुप्या दोन दिल्या,
रजिस्टरात एकच लिहिली.

सातला दाब घेतला. आडवा : एकशे दोन.
उभा राहा म्हटलं, तर आधी ब्लँकेट सारखं केलं,
खांद्यावरची पिन लावली,
घरी कोणी आल्यावर उठावं तसा उठला.
मी कोपर धरलं. तीन मिनिटं उभं राहावं लागतं.
तीन मिनिटं आम्ही खिडकीतून घोडा बघत होतो,
त्याच्या पाठीवरून वाफ निघत होती.

उभा : अठ्ठ्याऐंशी.
बसतोस का?
नको, म्हणाला.