खिडकीतून निघालेला तुकडा

पातं पंचेचाळीस अंशात धरायचं.
सरळ धरलं तर नुसता बोर्ड कापला जातो.
तिरकं धरलं की कडेला पांढरी रेघ उगवते
आणि डोळा तिच्यावरून अलगद आत उतरतो.
एवढंच माझं शिक्षण.
बाकी साखर पेठेतली दुपार,
आणि बंद ठेवलेला पंखा,
कारण वाऱ्यानं कागद हलतो.

माझा बाप जॅकार्डची कार्डं पंच करायचा,
पुठ्ठ्याला हजारो भोकं.
मी पण पुठ्ठ्याला भोकच पाडतो. एकच. मोठं.

नरसव्वा चिलवेरी आली
तेव्हा पिशवीतून आधी विड्यांची बंडलं निघाली,
मग वर्तमानपत्रातली गुंडाळी.
नवऱ्यानं काढलेला चादरीचा मोर,
आलेखाच्या कागदावर, चौकोन न् चौकोन रंगवून.
भरलेला चौकोन म्हणजे धागा वर,
कोरा म्हणजे खाली.
"पुण्याचा माणूस घेतो म्हणाला.
फ्रेम करून दे म्हणाला."

पुण्याच्या माणसाचा फोन आलाच.
माउंट क्रीम. फक्त मोर दिसू दे.
समासातलं ते गिचमिड नको.

गिचमिड तेलुगूत होतं.
मी तेलुगू बोलतो, मला वाचता येत नाही.
तिलाही नाही.
समोरच्या इस्त्रीवाल्या यल्लय्याला बोलावलं,
त्यानं चष्मा शर्टाला पुसला:
दूध, बावीस रुपये.
लाल बारा नंबर संपला.
मोराचा डावा पाय चुकला. उद्या बघू.

नरसव्वा हसली. बराच वेळ हसली.
"कुठला उद्या! तसाच गेला मागावर.
अकरा वर्षं तोच मोर.
किती लोक झोपले असतील बघ
त्या चुकलेल्या पायाखाली."

मग मी मापं घेतली.
वर तीन इंच, बाजूंना तीन,
खाली साडेतीन,
नजर खाली ओघळते, तिला टेकायला जागा लागते.
बोर्ड महागातला घेतला.
साधा पुठ्ठा लावला
तर कागद कडेनं करपत जातो,
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा.
गव्हाची खळ शिजवली,
पातळ कागदाच्या दोन पट्ट्या, वरच्याच कडेला.
चित्र चिकटवायचं नसतं. टांगायचं असतं.
खळीचा वास येताच ती म्हणाली,
"आमच्या घरचा वास हा."

समास कापला नाही मी.
पैसे समास कापायचे नव्हतेच.
तो माउंटखाली सरकवला:
दूध, बारा नंबर, उद्या.
पुण्यात कुणाच्या तरी हॉलमध्ये
मोर उभा राहील चुकल्या पायावर,
आणि दोन बोटांवर, क्रीम रंगाआड,
त्याची कबुली.

काच पुसली. मागून टेप मारला.
तिनं फ्रेम हातात घेतली नाही.
टेबलावर खिडकीतून निघालेला तुकडा पडला होता,
चौदा बाय अकरा, चारी कडा तिरक्या.
"हे काय करतोस?"
काही नाही. लहान फोटोंना वापरतो कधी.
"मला दे की."

दिला.
परवा कारखान्याच्या फाटकापाशी दिसली,
बायकांच्या रांगेत, सूप कडेवर.
सुपावर झाकण तो तुकडा,
वर एक दगड.
वारा होता.