लाईट गेली तेव्हा

फुलेवाडीत, घरामागं पत्र्याची शेड.
आधी तिथं स्कूटर असायची, आता करवत-मशीन.
सासूबाई तिला 'तुझी गिरण' म्हणतात.

दाराजवळ एक खिळा आहे.
कामाआधी त्याला बांगड्या अडकवायचे.
पहिल्या दिवशी सासूबाईंनी तोंड फिरवलं,
'तिन्हीसांजेला मोकळ्या हातानं...'
पुढचं बोलल्या नाहीत.
आता त्याच हात पुढं करतात,
'आण इकडं, खिळा गंजलाय.'

ओढणी घरात. केस वर, घट्ट.
डोळ्यांना चष्मा. हातमोजे नाहीत.
दीर म्हणाले, घाल की, बोटांना बरं.
मोज्याचा एक धागा पात्याला सापडला
की तो अख्ख्या हाताला
बोट धरून आत नेतो.

हे माझं नाही, बापूसो मिस्त्रींचं.
उद्यमनगरात बेचाळीस वर्षं
फौंड्रीसाठी पॅटर्न करायचे,
पंपाची पोटं, पुलीचे आरे,
सगळं आधी लाकडात, मग बिडात.
लोक म्हणतात, खरा सुतार तुटक्या बोटावरनं ओळखावा.
बापूसो काही न बोलता
दोन्ही पंजे टेबलावर ठेवायचे.
मोजा.

'पातं फळीवर एक दात दिसेल एवढंच वर.
जास्त कशाला? कुणाला दाखवायचंय?'
'जुन्या लाकडावर आधी लोहचुंबक फिरीव,
खिळा आत झोपलेला असतोय.'
'शेवटची वीतभर काठीनं ढकल. काठी परत मिळती.'
'आणि पात्याच्या रेषेत उभी राहू नको.
म्हैस लाथ मारती त्या बाजूला
कोण बसतंय का धार काढायला?'

मागच्या पत्र्याला छातीएवढ्या उंचीवर पोचा आहे.
एकदा पात्यामागची पाचर न लावता फळी फाडली,
ती पात्यावर मिटली, आणि सुटली.
मी हातभर डावीकडं होते.
शेड रंगवली तेव्हा तेवढा पोचा सोडला.

परवाची गोष्ट.
आजऱ्याकडचा फणस, पिवळाधमक भुसा,
कपबशांच्या मांडणीची एक बाजू.
अर्ध्या कटात लाईट गेली.

पातं उतरत गेलं, आवाज बारीक, आणखी बारीक.
ह्याच वेळेला हात पुढं जायला बघतो.
दात वेगवेगळे दिसेपर्यंत थांबले.
मग एकेक मोजता येईपर्यंत.
पण लाल बटण दाबायचं राहिलं.
खरं सांगते, राहिलं.
कोपऱ्यावरची पिठाची गिरण गप झाली होती
आणि मी उगीच विचार करत होते,
कुणाचं दळण अर्ध्यात अडकलं असेल.

फटीत लाकडाचा तुकडा बसला होता.
हात तिकडं निघाला.
मग काय झालं नीट सांगता येत नाही,
कुणाचा आवाज वगैरे आठवला नाही.
हातच वळला, भिंतीकडं गेला,
पिन उपटली
आणि बांगड्यांच्या रिकाम्या खिळ्याला वायर गुंडाळली.

तुकडा हलवत होते,
दोन बोटं दातांना लागून,
तेव्हा लाईट आली.

गिरण सुरू. पंखा सुरू.
आत टीव्हीवर कुणीतरी वाक्याच्या मध्येच हसलं.
पातं माझ्या बोटांशेजारी
तसंच.

एवढंच. काही झालं नाही.
झालं नाही ते कुणाला सांगायचं?
बापूसोंना फोन लावला, उचलला नाही,
गंगावेशीत कट्ट्यावर दूध प्यायला गेले असतील.
बरंच झालं.
मी काय बोलले असते?

सासूबाई दारात आल्या, मुठीत बांगड्या.
'लाईट आली की गं. तुझी गिरण का गप?'
'राहू दे जरा.'
लाल बटण दाबलं. परत एकदा दाबलं.
फळीवर पेन्सिलीची अर्धी रेघ तशीच होती.

दोन्ही पंजे टेबलावर टेकले, ते थरथरत होते म्हणून.
सासूबाई बघत राहिल्या,
घामानं चिकटलेला पिवळा भुसा, नखांपर्यंत.
'हळद लागल्यागत दिसतंय,' म्हणाल्या,
आणि बांगड्या घालायला
माझा हात ओढून घेतला.