डावा कान

माती खानापूरची. मळायचो मीच.
शहापुरातल्या शेडमध्ये छत्तीस वर्षं
माणसं आली ती आधी उंची विचारत:
"शेजारच्या तालुक्याचा बारा फुटी आहे,
आमचा साडेबारा करा."
वरच्या अर्ध्या फुटाचे पैसे
कुणाकडून सुटले नाहीत.

चेहरा कमिटी ठरवायची.
मिशी थोडी वर घ्या, डोळ्यात जरा राग आणा.
गोकाकची कमिटी कन्नडमधून सांगायची,
निपाणीची मराठीतून,
आणि चेक दोन्हींचा वटायचा नाही.
कोनशिलेवर कुठली भाषा वर, कुठली खाली,
एवढ्यावर एक राणी अडीच वर्षं
ताडपत्रीत उभी राहिली, तलवार उपसून.
काखेत तिच्या आग्यामाशांनी पोळं धरलं.
अनावरणाच्या आदल्या रात्री
मीच शिडी लावून, धूर करून ते काढलं.
त्या कामात हाती लागलं ते मध.

घोड्याचं मात्र कुणी काही विचारलं नाही.

घोडी होती ती. हुसेनसाबच्या टांग्याची, बिजली.
शिंगरू असताना कुत्र्यानं फाडलेला
डावा कान.
दिवसाला तीन रुपये आणि पेंडी.
पुढचा पाय उचलून उभी राहायची नाही,
तर हुसेनसाब उकिडवा बसून
खूर तळहातावर तोलून धरायचा:
"आटपा की ओ मेस्त्री,
ही काय पुतळा हाय व्हय?"

साचा तोच वापरला पुढं, कुणाला न सांगता.
भगव्या पताकांखाली ती,
लाल-पिवळ्याखालीही तीच.
कानाची चीर बुजवायची राहून गेली,
असं मी म्हणायचो.
राहून नव्हती गेली.

परवा हुक्केरीला उतरलो.
चौकात दगड पडले होते, जाळीची गाडी उभी.
मी वर बघत राहिलो.
बंदोबस्तातलं पोर जवळ आलं,
"येन नोडतीरी, अज्जा?"
"किवी," म्हटलं. "कुदुरी किवी."
त्यानं वर पाहिलं. सगळे जिथं बघतात
तिथं नाही, कानाकडं.
मग वही काढली आणि लिहू लागला:
डावा कान, नुकसान.

अरे नको, जुनं आहे, म्हटलं,
पन्नास वर्षांचं. कुत्रं चावलेलं.

पेन थांबलं त्याचं.
"कुठल्या गल्लीचं?"