खाट क्रमांक सदतीस

हौशी मुष्टियुद्धाची राष्ट्रीय स्पर्धा यंदा कुठं घ्यायची
हे ठरवायला आम्ही तिघं निघालो होतो.
टेप माझ्याकडे, फॉर्म आर्रियागादाकडे,
आणि डॉक्टर बुस्तोस, ज्यांना बसमध्ये मळमळायचं.

उत्तरेचं पुएर्तो सालादो आधी पाहून झालं.
काचेचा हॉल, चारशे वीस खोल्या,
महापौरांच्या नावाची पेनं,
आणि समुद्राकडे तोंड करून उभी एक ॲम्ब्युलन्स,
आतल्या सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा न काढलेली.
फॉर्म तासाभरात भरला.
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मग एक रात्र आणि अर्धा दिवस बस,
दक्षिणेला, लोस पेउमोस.
खाण बंद पडून सत्तावीस वर्षं झाली
तरी किनाऱ्याची वाळू अजून काळी,
बुटातून थेट फॉर्मवर येऊन पडणारी.

व्यायामशाळेची किल्ली सानुएसा म्हाताऱ्याच्या गळ्यात.
रिंगभोवती तीन बादल्या.
"गळतं?" आर्रियागादानं विचारलं.
"आज नाही," म्हातारा म्हणाला,
"त्यांना तिथं बसायची सवय झालीय."

वजनकाटा मासळीबाजारातून आणलेला.
तीनशे ग्रॅम जास्त दाखवतो,
पण दाखवतो सगळ्यांना सारखंच.
मी चढून पाहिलं.
एके काळी अठ्ठेचाळीस किलोत लढायचे.
तीनशे वजा केले. तरी बरंच उरलं.

नियम असा: खाटा दोनशे ऐंशी.
गावात दोन लॉज, मिळून चौसष्ट.
आर्रियागादानं फुली मारायला पेनाचं टोपण काढलं
(पेन पुएर्तो सालादोचं),
तेवढ्यात बेकरीवाली ओर्तेन्सिया किलोद्रान
पिठाच्या हातांनी एक शाळकरी वही घेऊन आली.
घरोघर फिरून लिहिलेली.

*एक. माझ्या मुलाची. तो उत्तरेत तांब्याच्या खाणीवर. गादी नवीन.*
*नऊ. आम्ही दोघी बहिणी एकीवर झोपू, दुसरी मोकळी.*
*बावीस. जरा आखूड आहे. हलक्या वजनाच्या पोराला द्यावी.*
*सदतीस. पायथ्याशी कुत्रा झोपतो. चावत नाही. हलवू नये.*
*अठ्ठावन्न. हिच्यावर आमचे हे गेले. सांगितलेलं बरं.*

एकूण दोनशे एकतीस.
डॉक्टरांनी पुन्हा बेरीज केली. बरोबर होती.
टोपण पेनावर परत गेलं.

सान्तियागोच्या बैठकीत मी वही वाचली,
पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. अकरा मिनिटं लागली.
कुणी हसलं नाही.
अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि विचारलं,
ह्या खाटांची कुठं नोंदणी आहे का?

मतं पडली दोनाला दोन.
उरलं माझं.

माझ्या डाव्या भुवईत एक पांढरी रेघ आहे.
अशाच एका प्रेमळ गावात फुटली होती ती,
सगळं गाव रिंगभोवती, सूपाचं पातेलं तयार,
आणि टाके घालायला आला तो गुरांचा डॉक्टर.
हात त्याचा हलका होता, हेही खरं.
पण रात्रभर मी एका डोळ्यानं
छताकडे बघत पडले होते, सतरा वर्षांची.

मी पुएर्तो सालादोसाठी हात वर केला.
नियमासाठी नाही, त्या प्लॅस्टिकसाठी.
हे मी ओर्तेन्सियाला पत्रात लिहिलं
आणि पत्र टाकलं नाही.
लिहिलं होतं ते पटण्यासारखं होतं, म्हणूनच.

स्पर्धा छान झाली.
ॲम्ब्युलन्स दोनदा लागली, दोन्ही पोरं बरी आहेत.
लोस पेउमोसचा एक मुलगा उपांत्य फेरीत हरला
आणि जिंकल्यासारखा जेवला.

वही परत करायची राहिलीय.
हॉटेलात ती माझ्या उशाशी होती,
नववा मजला, चादर चारी बाजूंनी घट्ट खोचलेली,
गादीवर मी एकटी.
तरी पाचही रात्री
मी पाय आखडूनच झोपले,
पायथ्याशी कुणीतरी असल्यासारखी.
हलवू नये म्हणून.