दहानंतर

पहाटे साडेचारला व्हॅन सुरू होते.
उणे एकोणीस. इंजिनाला रात्रभर
विजेची वायर लावून ऊब द्यावी लागते,
नाहीतर तेही हटून बसतं
आमच्यातल्या कुणासारखंही.

पहिला थांबा ऑर्लिन ख्रिस्टॅडचं फाटक.
तो आधीच उभा, हातात थर्मास, कानात यंत्र.
बसल्या बसल्या यंत्र काढून खिशात टाकतो,
म्हणजे माझी बडबड टळते.
मग वीस मैलांवर डोरीन स्कारबेक.
ती युद्धात नर्स होती. तंबूंमागे रात्रंदिवस
कचरा जळायचा, त्याचा धूर तिच्या छातीत
अजून भाडं न देता राहतोय.
मग पेट्रोलपंपाशी दोघे-तिघे.
मी यादीतली नावं वाचतो,
ते 'हजर' म्हणतात. हसतात. मग झोपतात.

मीही ट्रकच चालवायचो, तिकडे, वाळूत.
रस्त्यातलं रिकामं पोतं दिसलं
की हात अजून चाक डावीकडे ओढतात.
कुणी काही विचारत नाही.
सगळे माझ्याबरोबर डावीकडे झुकतात.

एकशे अठ्ठ्याऐंशी मैल मोंटाना.
बर्फातून वर आलेली गव्हाची खुंटं,
मधे एक संडास, तोही थंडीत बंद.

डॉक्टर चांगले आहेत, हे सांगायला हवं.
छातीला लावण्याआधी नळी तळहातावर गरम करतात.
भांडण त्यांच्याशी नाही.
भांडण सव्वाआठशी आहे.

ऑर्लिनला पत्र आलं : छातीचा स्कॅन, सकाळी सव्वाआठ.
आम्ही पोचलो नऊ वीसला.
खिडकीतून उत्तर आलं, वेळ चुकली, आता जून.
तेव्हा फेब्रुवारी होता.
ऑर्लिनने टोपी काढली, पुन्हा घातली.
सैन्यात शिकवतात, धावत जा आणि रांगेत थांब.
धावून झालं होतं त्याचं.
थांबणं तो शिस्तीत थांबला.

जूनमध्ये जे दिसलं
ते फेब्रुवारीत केवढं असतं
कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.
वाटाण्याएवढं? चेरीएवढं?
परतीच्या वाटेवर मी एकशे अठ्ठ्याऐंशी मैल
हेच करत होतो.

आता त्या फाटकाशी थांबत नाही.
वेग मात्र कमी होतो, आपोआप.

मग डोरीनला पत्र आलं. सव्वाआठ.
खिडकीत नवी मुलगी, छातीवर पट्टी : मारिसेला ओरोना.
डोरीन दर शब्दाला श्वास घेते,
त्यामुळे तिला मधेच तोडता येत नाही.
आम्ही. पहाटे. साडेचारला. निघतो.
मुलगी म्हणाली, कुठून?

अकरा वर्षं मी ही व्हॅन चालवतोय.
हा प्रश्न त्या खिडकीतून
पहिल्यांदा बाहेर आला.

तिने पडद्यावर नकाशा उघडला,
बोटाने रस्ता धरत धरत पार आमच्या पंपापर्यंत आली
आणि बोट तिथेच ठेवून गप्प बसली.
संगणकात अंतरासाठी रकाना नव्हता.
तिने पिवळी चिठ्ठी फाडली, लिहिलं
'व्हॅनने येणारे : दहानंतर'
आणि पडद्याच्या कडेला चिकटवली.

एवढंच. फर्मान निघालं नाही,
कुणी फीत कापली नाही.
दुपारच्या पाळीचा माणूस तीच चिठ्ठी वाचतो,
रजेवरून आलेली बाईही.
गेल्या गुरुवारी सहा माणसं, सहा वेळा,
सगळ्यांत लवकरची दहा वीस.
डोरीनचा श्वास वाढलेला नाही,
पण तो आता तारखेला मोजला जातो.

चिठ्ठीचा गोंद कच्चा आहे.
हीटरच्या वाऱ्याने तिचा एक कोपरा फडफडतो,
मी रांगेत उभा राहून बघत असतो.
म्हणून व्हॅनच्या खणात,
टायरची हवा मोजायच्या नळीशेजारी,
ऑर्लिनच्या यंत्राच्या उरलेल्या दोन सेलशेजारी,
मी चिकटपट्टीचं एक रीळ ठेवलंय.